अखाजीच्या बारात मालिकेतली सासू

आठवालीचं खरं नाव आमच्या गावात कोणीच घेत नसे. रात्री आठला टीव्हीवर लागते म्हणून ती मालिका आठवाली. तिच्यातल्या नायिकेचं नाव गोरी, सासूचं नाव चाव्यावाली आणि नवऱ्याला नुसतं 'तो', कारण तो कुठल्याच भागात काही करत नसे. दारात येऊन उभा राहायचा आणि बायको रडायला लागली की खिडकीबाहेर बघायचा. ही सगळी नावं अक्कानं ठेवलेली. अक्का आमच्या गल्लीतली सगळ्यात जबर बाई. तिचं माहेर गावातच, वरच्या गल्लीतून खालच्या गल्लीत दिलेली, त्यामुळे तिला सासरही दबून असायचं आणि माहेरही. तिचा मोठा मुलगा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होता. त्यानं एका दिवाळीला रंगीत टीव्ही आणून ठेवला आणि त्या दिवसापासून आमच्या घरची संध्याकाळची चूल लवकर पेटायला लागली. भाकऱ्या थापून, ठेच्याचा खल धुऊन माय म्हणायची, "चाल वं मंगल, नही तं पुढे जागा भेटनार नही." आबा ओट्यावर बसून जेवायचे आणि आमच्याकडे न बघता म्हणायचे, "जा, जा. ती पोर रडाले बठनी व्हई."

मला एका जागी बसून मालिका बघता यायची नाही. बाकीच्या बाया भिंतीला टेकून, पदराच्या टोकानं वारा घेत बघायच्या. मी दारात उभी, मग ओट्यावर, मग पुन्हा आत. विजा कडाडल्यासारखा आवाज व्हायचा, गोरीचा चेहरा तीनदा दाखवायचे, मग सासूचा तीनदा, मग 'तो' खिडकीबाहेर बघताना तीनदा, आणि माझे तळपाय खाजायला लागायचे. मी ओरडायची, "आता बोल की काहीतरी!" अक्का म्हणायची, "मंगी, ती आत शे, तू बाहेर शे. तिले आयकू येत नही." सगळ्या हसायच्या. पण मला खरंच वाटायचं, की ही गोष्ट सांगणारा जो कोणी मुंबईत बसला आहे तो आपल्याला फसवतोय. त्याच्याकडे सांगायला एवढुसं आहे आणि त्याला ते वर्षभर पुरवायचं आहे. आमच्याकडे पाहुणे वाढले की वरणात पाणी घालत. हा रोजच घालत होता. मी चिडायची, घरी येताना मायशी भांडायची, उद्यापासून जाणार नाही म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पुढची जागा धरून ठेवायची. आजही तसंच आहे. माझी लेक पुण्याहून येते तेव्हा मोबाइलवर अख्खी मालिका एका दिवसात उरकते. तिच्याबरोबर बघायला बसले तर ती म्हणते, "मम्मी, तू खोलीत येरझारा नको मारू, मला गरगरतं." तिच्या मालिकांतल्या बाया इंग्रजी बोलतात, गाडी चालवतात, पण ऐन वेळेला त्याही खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात. मग मी चष्मा काढून ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते.

आमचं गाव बोरी नदीच्या अल्याड, मायचं माहेर पल्याड. मध्ये फक्त नदीचं पात्र, पण दोन्ही गावांच्या विजेच्या तारा वेगळ्या. त्या काळी संध्याकाळची लाईट पाळीनं जायची: एक आठवडा आमची, एक आठवडा त्यांची. म्हणजे आठवालीचा एक आठवडा आम्ही बघायचो, दुसरा पल्याडच्या बाया. गोष्ट अर्धी आमच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की दोन्ही गावच्या बाया वाळूत झिरे उकरून पाणी भरायच्या. झिरा म्हणजे वाळूतला खड्डा. वाटी-वाटीनं पाणी वर घ्यायचं, हंडा भरायला बराच वेळ लागतो. त्या वेळात कालचा भाग सांगून व्हायचा. आमच्या काठाकडून सांगायचं काम माझं, कारण मी बारावीला होते आणि माझं हिंदी बरं होतं. मी सांगायची तशी कोणी सांगत नव्हतं, हे मी आजही छाती वर करून म्हणते. रडण्याचा भाग गाळायची, पुढचं भरभर सांगायची, आणि जिथे गोरी गप्प बसली तिथे तिनं काय बोलायला हवं होतं तेही सांगायची. पल्याडच्या बाया विचारायच्या, "हाई ती बोलनी का तू बोलनी वं?" मी म्हणायची, "मी बोलनी. ती रडनी."

गोरी लग्नाआधी वकिलीचं शिकत होती. लग्न होऊन आली त्या आठवड्यात चाव्यावालीनं तिची पुस्तकं कपाटात टाकून कुलूप घातलं आणि चाव्यांचा झुबका कमरेला खोचला. महिने गेले, ते कपाट काही उघडेना. मग एका शुक्रवारी, आमच्या पाळीच्या शेवटच्या भागात, पूजेच्या वेळी सासूच्या कमरेचा झुबका सुटून खाली पडला. कोणाचं लक्ष नाही. गोरीनं तो उचलला, मुठीत धरला, वीज कडाडली आणि भाग संपला. ते शनिवार-रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. बारावीची परीक्षा होऊन गेली होती, निकालाला अवकाश होता, हाताला अभ्यास नव्हता. अंगणात खाटांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातलेले, मी कावळे हाकलायला बसलेली, आणि डोक्यात सारखं तेच: आता ती कपाट उघडेल, पुस्तकं काढेल, पिशवीत भरेल, आणि मागच्या दारानं निघेल. कुठे जाईल तेही मी ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी बघितलेलं नव्हतं. आबा चौथी, माय अंगठा. अमळनेरच्या कॉलेजात नाव टाकायचं हे माझ्या मनात पक्कं होतं, पण घरात तो शब्द उच्चारला की आबा नुसतं "देखू" म्हणायचे, आणि आमच्याकडे 'देखू' म्हणजे नाही.

मंगळवारी सकाळी मी हंडा टाकून आधी पल्याडच्या झिऱ्याकडे धावले. "काय कयं तिनी?"

एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दिन्ही परत. सासूना हातमा दिन्ही, पाया पडनी. आशी सून नही भेटनार बाई."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, तुम्ही खोटं सांगताय, तुम्हाला हिंदी कळलं नसेल. त्यावरून झिऱ्यावर चांगलीच जुंपली. आमच्या बाया म्हणाल्या, गोरी मूर्ख. त्यांच्या म्हणाल्या, गोरी देवी. त्या दिवसापासून दोन काठांचे दोन पक्ष झाले. मी रिकामा हंडा घेऊन घरी आले, म्हणून मायच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

त्याच आठवड्यात धुळ्याची माणसं मला बघायला आली. स्थळ पल्याडच्या मामानं आणलं होतं. मुलाच्या आईचं माहेर पल्याडचं, मामाच्या ओळखीतलं घर. धुळ्यात त्यांचं शेतीच्या औजारांचं दुकान, वर दोन मजली घर. मायनं शेवभाजी आणि पुऱ्या केल्या होत्या. मुलाची आई अंगणात शिरली ती सरळ खाटेपाशी गेली, अर्धा ओला बिबडा मोडून तोंडात टाकला आणि मायला म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय." मला ती आवडली होती, खोटं कशाला बोलू. मग ती खुर्चीत बसली आणि मला दिसलं, की तिच्या कमरेला चांदीचा छल्ला आहे आणि त्याला सहा-सात चाव्या. दारामागे अक्का उभी होती. तिनंही बघितलं. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, नाही तर दोघी हसलो असतो.

"शिकली किती?"

"बारावीची परीक्षा दिली."

"मग झालं की. आमच्याकडे दुकान घरातच आहे, हिशेब येतो ना तेवढा? बस." मग जरा पुढे झुकून, "टीव्ही बघते का? आठवाली?"

मायनं दारातून श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी मान हलवली.

"मग सांग बरं. त्या सुनेनं चावी परत दिली, ते बरोबर केलं का नाही?"

असा प्रश्न मुलगी बघायला आलेल्या कुठल्या बाईनं आजवर विचारला असेल असं मला वाटत नाही. स्वयंपाकाचं विचारतात, विणकामाचं विचारतात. ही माझी परीक्षाच घेत होती, आणि माझ्या सगळ्यात आवडीच्या विषयात. जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं, कारण माय दारामागून माझ्या पाठीकडे बघत होती. मी म्हटलं, "तो भाग मी नाही बघितला. आमच्याकडे लाईट नव्हती."

"मी सांगते. बरोबर केलं," ती म्हणाली. "सहन केलं म्हणून तर ती नायिका. नाहीतर तिच्यावर कोण मालिका काढणार?"

पुऱ्या खाऊन, सुपारी अखाजीनंतर फोडू असं ठरवून, ती माणसं गेली. आबा खूश होते. माय खूश होती. मी संध्याकाळपर्यंत घर ते विहीर आणि विहीर ते घर अशा चकरा मारत राहिले. ते वाक्य माझ्या अंगात काटा मोडावा तसं मोडून बसलं होतं. सहन केलं म्हणून तर ती नायिका.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी सासरी गेलेली प्रत्येक बाई माहेरी येते, वय कितीही असो. निंबाच्या फांद्यांना दोर बांधून झोके चढतात, पितरांच्या नावानं घागर भरतात, खापरावर पुरणपोळी होते, रुमालाएवढी नव्हे, उपरण्याएवढी, आणि आमरसाची पातेली उष्टी-खरकटी अंगणभर. आणि संध्याकाळी बार. गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बाया नदीवर जातात आणि दोन काठांवरून एकमेकींना गाण्यात शिव्या देतात. कोणाच्या सासूच्या, कोणाच्या नवऱ्याच्या, कोणाच्या नाकाच्या. त्याला नियम एकच: बारातलं बारातच. काठ चढून वर आलं की ते कोणी बोलायचं नाही, मनात ठेवायचं नाही. आणि प्रत्येकीनं माहेरच्या काठावर उभं राहायचं. म्हणून अखाजीला माय माझ्या समोरच्या काठावर असायची. लहानपणापासून मला त्याची गंमत वाटायची. वर्षातला एक दिवस आई शत्रूच्या बाजूला.

त्या वर्षीचा बार आठवालीवरच सुरू झाला, दुसरं काही होणारच नव्हतं. अक्कानं पदर खोचला आणि तोंड उघडलं:

"पल्याडन्या बाया व, रडी रडी थकन्यात,
गोरीनं दुःख देखी चुल्हा फुकाले चुकन्यात!"

समोरून हसण्याचा लोट आला. मग माझी सख्खी मावशी, मायची धाकटी बहीण, पुढे झाली आणि सरळ माझ्याकडे बोट करून,

"अल्याडनी पोर व, टीवी देखी बिघडनी,
सासूनं नाव काढं तं चूल सोडी पळनी!"

आमच्या काठावरच्या पोरींनी मला पुढे ढकललं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीच्या शेजारून एक बाई पुढे आली. अंगावर नवं पातळ, कमरेला छल्ला. धुळ्याची बाई. पल्याड तिचं माहेर, अखाजीला ती तिथे असणारच. हे आमच्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. धुळ्यात इतकी वर्षं काढूनही तिचा आवाज चढला तो अस्सल नदीकाठचा:

"चावी परत देस ती सून सोनानी,
चावी दाबी ठेवस ती चोर कोनानी?"

माय तिच्या मागेच होती. तिनं मला लांबूनच हातानं खूण केली, गप्प. मी गप्प बसू शकले असते. पण त्या शनिवार-रविवारपासून साठलेलं सगळं माझ्या ओठांशी आलं होतं, आणि इथे तर बोलायची परवानगी होती. वर्षातून एकदाच असते. मी वाळूत दोन पावलं पुढे गेले.

"चाव्या कमरले बांधीसन मालकीन व्हयनी व,
सून कॉलेजले निंघनी तं पोटमा कळ का उनी व?"

धुळ्याच्या बाईचा हात आपोआप कमरेच्या छल्ल्यावर गेला. दोन्ही काठांनी ते बघितलं. असं हसणं उसळलं, की झोक्यावरच्या पोरी उतरून बघायला आल्या. मला आता थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. मी गाणं सोडून सरळ ओरडले, "चोर ती नही व! चोर ती, जिनी पुस्तकं कोंडी ठेवात!" मायनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती का रडत होती हे मी पुढे कितीदा तरी विचारलं. दर वेळी एकच उत्तर, "मना डोयामा ऊन जाये व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी झिऱ्यावर मावशी होतीच. काल मला बिघडलेली म्हणणारी मावशी; तिनं माझ्या हंड्यात दोन वाट्या पाणी घातलं आणि म्हणाली, "मना सासरले लाईटच नही वं पंधरा दिन. सांग ना, काय काय व्हयनं." मी सांगायला बसले. बार असाच असतो, सकाळी त्याचा मागमूस नसतो. मी निश्चिंत मनानं घरी आले तर अंगणात मामा. सायकल अजून हातातच होती.

आबा निंबाखाली चऱ्हाट वळत बसले होते. मामा चाचरत म्हणाला, "बाईंचं मन जरा दुखावलंय, आबा. म्हणतात, पोर तोंडाची आहे. पण मोठ्या मनाच्या आहेत. मंगलनं येऊन पाया पडून माफी मागितली, तर सुपारी ठरल्याप्रमाणे."

माय लगेच म्हणाली, "मांगी ली ना वं. काय जास तुनं?"

मी येरझारा मारायला लागले. खाटेपासून दारापर्यंत गेले, दारापासून खाटेपर्यंत आले. माफी मागितली तर सुपारी, सुपारी फुटली तर धुळे, धुळ्याला हिशेबापुरती बारावी. मला सगळं एका रांगेत दिसत होतं, आणि माझ्याऐवजी उत्तर देणारं तिथे कोणी नव्हतं. मी माझ्या मनात वाक्य जुळवत होते. झिऱ्यावर गोरीसाठी भराभर सुचायची तशी एकही ओळ सुचेना.

आबांनी चऱ्हाट वळायचं थांबवलं. "कसानी माफी?"

"ते... काल नदीवर बोलली ना ती."

"बारमा?"

"हो."

"बारमा बोलनी," आबा सावकाश म्हणाले, "आन् त्या बाईनी ते वर आनं?"

"शहरातली माणसं आता ती, आबा. त्यांना..."

"तिनं माहेर कोठलं शे? याच नदीनं ना? मंग तिले मालूम नही?" आबांचा आवाज चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "तुन्या मायनी याच नदीमा मना मायले काय काय म्हनेल शे, तुले मालूम शे. बठ्ठा गावले मालूम शे. दुसरा दिन ती आम्हना घर ताक मांगाले उनी. मना मायनी लोणी टाकीसन दिन्हं. आन् त्याच उन्हाळामा तुनी बहीण या घरमा उनी." त्यांनी मायकडे बोट दाखवलं. माय खाली बघायला लागली. "जी बाईले अखाजीना बार पचना नही, तिना घर मी पोर देऊ? उद्या ही घरमा काही बोलनी तं ती किती वरीस ध्यानमा ठेवी? जमत नही म्हनीसन सांग त्यास्ले."

मामा बराच वेळ बसला, चहा घेतला, पुन्हा एकदा विषय काढून बघितला आणि गेला. आबांनी चऱ्हाट पुन्हा हातात घेतलं. आता मुलींच्या कॉलेजांत लोक मला भाषणाला बोलावतात तेव्हा त्यांना वाटतं, की माझे वडील सुधारक होते, मुलीच्या शिक्षणासाठी गावाशी भांडले. मी दर वेळी सांगते, आबा माझ्या शिक्षणासाठी भांडले नाहीत. ते नदीच्या नियमासाठी भांडले. माझं शिकणं त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. मी काय बोलले यावर ते त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत, चांगला नाही आणि वाईटही नाही.

ऊन उतरल्यावर, मी बिबडे गोळा करत होते, तेव्हा पाठीमागून म्हणाले, "निकाल लागना का कॉलेजमा नाव टाकी दे. तवलग. घरमा बशीसन टीवीच देखत ऱ्हाशी."

तवलग. म्हणजे तोवर, दुसरं स्थळ येईपर्यंत. मी बिबड्यांची टोपली तशीच धरून उभी राहिले. मागे वळले नाही, न जाणो चेहरा बघून त्यांनी शब्द फिरवला तर.

त्या तवलगमध्ये मी सकाळच्या एस.टी.नं अमळनेरला जायला लागले. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. आठवाली कधी संपली, गोरीचं पुढे काय झालं, कपाट उघडलं का नाही, मला ठाऊक नाही. त्या वेळेला मी कंदिलापाशी अर्थशास्त्र पाठ करत येरझारा मारायची. तिसऱ्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली, जामनेरकडचं एक चांगलं स्थळ घेऊन मामा पुन्हा अंगणात आला. माणसं घाईत आहेत, म्हणाला, याच महिन्यात उरकायचं म्हणतात. मी आत पुस्तक मिटून दाराशी आले.

आबा ओट्यावर जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि मामाकडे न बघता म्हणाले, "तिनी परीक्षा शे. ती व्हई जाऊ दे. तवलग थांबा म्हना त्यास्ले."